पन्नास वर्षांची हमी

तिसऱ्या दिवशी बाबा सापडले, सरकारी दवाखान्याच्या जनरल वॉर्डात. पलंगाच्या पाटीवर लिहिलं होतं: अनोळखी, पुरुष, वय अंदाजे पंचाहत्तर.

मुलगी धावतच आत शिरली. बाबा टक्क जागे होते. पायांना बँडेज, ओठ फुटलेले. गळ्यातली स्टीलची चकती मात्र लखलखत होती. त्यांचा विसराळूपणा वाढला तेव्हा तिनंच ती करवून घेतली होती. वरचा क्यूआर कोड स्कॅन केला की तिनं काढलेली छोटीशी वेबसाइट उघडायची. त्यावर तिचं नाव, पत्ता, फोन नंबर. "पन्नास वर्षं पुसला जाणार नाही," चकतीवाला म्हणाला होता. खोटं बोलला नव्हता. एक ठिपकासुद्धा झिजला नव्हता.

"जिवाचं रान केलं हो तुमच्या बाबांनी," सिस्टर म्हणाली. "दोन दिवस बसस्टँडवर भेटेल त्याच्यापुढे ही चकती धरत होते. म्हणे, स्कॅन करा, माझी मुलगी येईल. स्वतःचं नाव सांगता येत नाही, पण हे तोंडपाठ!"

तोंडपाठ असणारच. महिनाभर रोज सकाळी तिनं ते घोकून घेतलं होतं.

"मग कुणीच फोन कसा नाही केला?"

"कुणाला करणार, ताई? स्कॅन केलं की जुगाराचा गेम उघडतो. लोकांना वाटलं, म्हातारा गिऱ्हाईकं गोळा करतोय. एकानं तर ढकललंच त्यांना."

मुलीनं मोबाईलवरचे जुने मेसेज उघडले. वेबसाइटची मुदत वाढवा म्हणून तीन मेसेज आले होते. तिसऱ्यात 'शेवटची सूचना' असं होतं. उद्या करू, उद्या करू म्हणता म्हणता राहून गेलं, आणि साइटचं नाव दुसऱ्याच कुणी विकत घेऊन तिथं जुगार चढवला.

बाबांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग चकती पुढे केली.

"बाई, मोबाईल आहे ना? एवढं स्कॅन करा. माझी मुलगी येईल."

"बाबा, अहो, मीच..."

"तुम्ही तरी करा हो!"

तिनं मोबाईल धरला. पडद्यावर रंगीत चक्र गरगरलं, टाळ्या वाजल्या, आणि मोबाईलमधून एक बाई किंचाळली, "अभिनंदन!"

बाबांचा चेहरा उजळला.

"लागला फोन," ते म्हणाले. "आता जरा बाजूला सरका, बाई. दार दिसत नाही."