अठरा तासांची वाडी

"किती तासांचा झालाय आता?" रितेशने फोनवर विचारलं.

"अठरा," हर्षद म्हणाला.

पलीकडे पुण्यात रितेशने कपाळावर मारलेला हात इकडे दिवेआगरला ऐकू आला. दोघांनी मिळून व्हिडिओ गेमची छोटी कंपनी काढली होती आणि महिनाभर दोघांचं एकाच गोष्टीवरून वाजत होतं. रितेशच्या मते गेम तीन तासांत संपला पाहिजे. माणसांना नोकऱ्या असतात, घरी पोरं असतात. रविवारी दुपारी खेळायला बसावं, संध्याकाळी उठावं आणि समाधानाने चहा प्यावा.

"अरे, अर्ध्यात सोडलेला गेम कोणी परत उघडत नाही. संपला तर निदान लक्षात राहतो."

"तू लोकांचं सांगतोयस. माझा पहिला खेळणारा इथे पडवीत बसलाय, आणि त्याने स्वतःच्या तोंडाने वाढव म्हणून सांगितलंय."

यावर रितेश विषय बदलायचा. पहिला खेळणारा म्हणजे हर्षदचा बाप, भागोजी.

वीस सालच्या वादळात भागोजीची वाडी आडवी झाली. दोनशे पोफळी आणि एकेचाळीस माड, सगळं एका दुपारीत. नंतर शेजाऱ्यांनी नवी रोपं लावून दिली, ती धरलीही, पण भागोजीने वाडीत पाऊल टाकलं नाही. पडवीत बसून तो भिंतीकडे बघायचा. बोलणं अगदी अडलं तरच. त्याचं मन कशात तरी गुंतवा, असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि हर्षदने ते फारच मनावर घेतलं.

पाचवीपासून तो पनवेलच्या वसतिगृहात, मग पुण्यात. वाडीची कामं त्याला कधी आली नाहीत; त्याला एकच काम येत होतं. तो लॅपटॉप घेऊन घरी आला आणि जुने फोटो बघून, आईला विचारून विचारून त्याने सबंध वाडी पडद्यावर उभी केली. विहीर, पाण्याचा पाट, कुंपणाकडे झुकलेला माड, सगळं जिथल्या तिथे. सकाळी पाटाला पाणी सोडायचं, माडावर चढायचं, सुपारी वेचायची. तीन तासांत हंगाम उरकला की गेम संपला.

भागोजी तीन दिवस मुकाट्याने खेळला. चौथ्या दिवशी त्याने हातातला कंट्रोलर मांडीवर ठेवला.

"हर्षद, वाढव आता ह्यो खेळ."

इतक्या वर्षांत बापाने काही मागितलंच नव्हतं. त्याच दिवशी तो कामाला लागला. दुसरा हंगाम आला, आंब्याखालचं लग्न आलं, विहिरीचा गाळ काढणं आलं. तीनाचे सहा तास झाले, सहाचे अकरा.

भागोजी खेळत राहिला, पण त्याला चैन नव्हतं. खुर्चीत सारखा हलायचा. अर्ध्या भाकरीवरून उठायचा. वाडी दिसू नये म्हणून खुर्ची फिरवून बसायचा. खेळता खेळता डोळ्यांतून पाणी यायचं, ते तो पंच्याने पुसायचा.

"बघ आई, किती जीव लागलाय त्यांचा."

"लागलाय खरा," वेणूबाई म्हणायची आणि समुद्राच्या वाटेवरच्या आपल्या टपरीकडे निघायची. तिथे ती कोकमाचं सरबत विकायची. चार महिन्यांत हर्षद त्या टपरीवर एकदाही गेला नव्हता. त्याला पडद्यापासून उठायला सवड कुठे होती?

खरं तर हर्षदलाही चैन नव्हतं. गेम संपला की आप्पा परत भिंतीकडे तोंड करून बसणार, ही धास्ती त्याला भात कालवतानाही सोडत नसे. त्याचं कोडिंग म्हणजे बापाच्या पुढे पुढे पळत वाट बांधणं झालं होतं. आज बांधलेली वाट भागोजी उद्या दुपारपर्यंत चालून टाकायचा.

शनिवारी दुपारी पडद्यावरचा भागोजी झुकलेल्या माडाच्या शेंड्यावर चढला आणि तिथेच थांबला. खाली सगळी वाडी हिरवीगार पसरली होती. खुर्चीतल्या भागोजीने कंट्रोलर मांडीवर ठेवला.

"किती दिस झालं तुला सांगून," तो म्हणाला. "अजून वाढवला न्हाईस."

"वाढवतोय की, आप्पा."

"मंग कदी?"

असा काकुळतीचा आवाज हर्षदने बापाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. त्याला स्वतःची लाज वाटली. तुकड्या-तुकड्याने देत बसलो, म्हणून हा माणूस असा तळमळतोय.

"आजच. सांजेपर्यंत पुरा वाढवतो. मग परत सांगावं लागणार नाही."

"खरंच?"

"शप्पथ."

भागोजीने लांब श्वास सोडला. कित्येक दिवसांनी तो खुर्चीला पाठ टेकून बसला आणि बसल्या बसल्या त्याचा डोळा लागला.

हर्षदने रितेशला फोन लावला. "ठरलं. तासच मोजायचे नाहीत. गेम संपणारच नाही."

"वेडा आहेस," रितेश म्हणाला.

पण वेड्याची बोटं झपाझप चालली. एका हंगामाच्या शेवटी आपोआप पुढचा हंगाम सुरू होईल, जुने माड कायम उभे राहतील, नवे फुटत राहतील. ऊन कलतं झालं तेव्हा वाडीला शेवट उरला नव्हता. आप्पा अजून झोपले होते. ही बातमी कोणाला तरी सांगितल्याशिवाय हर्षदला राहवेना. तो तसाच पायात चपला अडकवून आईच्या टपरीकडे पळत सुटला.

तो पोचला तेव्हा वेणूबाई बाटल्या झाकून पुढची फळी लावत होती. समुद्रावरून परतणारी एक पर्यटक बाई लगबगीने तिच्यापाशी आली.

"मावशी, दोन सरबतं द्या ना. बंद केलंत का?"

"बंद म्हनू नये, बाय. दुकान वाढवलं," वेणूबाई म्हणाली आणि तिने फळीला कुलूप घातलं.