गरम हवेचं बटण

झडपेचा कणा सिग्नेने बोटाने नुसता हलवला आणि तो तिच्या हातातच आला.

"बाबा, याच्यावर भरवसा ठेवून उडत होतात तुम्ही?"

अर्विड शेडच्या दारात उभा होता. सरकतं दार त्याने तळव्याने रेटून उघडलं होतं. "उडतंय ना? मग झालं तर."

विमान अर्विडहून चारपाच वर्षांनीच लहान होतं. पिवळं, दोन माणसांचं, अंगावर कापड ताणलेलं. आयोवाच्या त्या भागात मक्याच्या शेताशेजारी गवताची धावपट्टी राखणारे म्हातारे अजून होते, आणि त्यांच्यात अर्विड सगळ्यात हट्टी. रविवारी पलीकडच्या तालुक्यातल्या धावपट्टीवर धिरडी आणि सॉसेजची न्याहारी होती. सगळे म्हातारे आपापली विमानं घेऊन जमणार होते. अर्विडला जायचं होतं.

सिग्ने मोठ्या विमानांची मेकॅनिक. टेक्सासात नोकरी. आई गेल्यावर महिनाभरासाठी ती घरी आली होती, आणि बापाचं विमान पाहून तिने लगेच नवे पार्ट मागवले होते. थंड, दमट हवेत उतरताना कार्बोरेटरच्या गळ्याशी बर्फ धरतो आणि इंजिन गुदमरतं. त्यावर उपाय एकच. बटण ओढायचं, झडप फिरते, धुराड्याभोवतीची गरम हवा आत येते, बर्फ वितळतो. अर्विडच्या विमानातली गरम हवेची पेटी गंजून चाळण झाली होती.

दुपारी धाकटा भाऊ ऑर्लिन आला. शेती तोच बघायचा.

"ताई, एक ऐकशील?" तो हळूच म्हणाला. "पार्ट मिळाला नाही म्हणून सांग. रविवार तरी टळेल."

"पार्ट समोर पडलाय."

"मला दिसतोय. त्यांना कुठे कळणार आहे? वय बघ त्यांचं. काही झालं म्हणजे?"

"काही होऊ नये म्हणूनच बसवतेय ना? खोटं बोलून थांबवलं, तर पुढच्या रविवारी हीच गंजकी पेटी घेऊन उडतील. तू ओळखतोस त्यांना."

ऑर्लिन ओळखत होता. तो टोपी सारखी करून निघून गेला. मुद्दा पटला नाही की तो हवामानाबद्दल तरी बोले, नाहीतर निघून जाई.

तिने जुनी पेटी उतरवली, नवी बसवली. झडप बदलली, फाटकी नळी बदलली. मग बटणापासून झडपेपर्यंत जाणारी तार जोडायला गेली आणि थबकली. जुनी तार दांडीला उलट्या बाजूने जोडलेली होती. म्हणजे बटण ओढलं की गरम हवा यायच्या ऐवजी बंद व्हायची! जोडणी मात्र सफाईदार होती. इतकी वर्षं हा माणूस असा उडत होता? देव तारी त्याला कोण मारी, दुसरं काय.

तिने तार सोडवली, नवी घातली, सरळ जोडली. इंजिन सुरू करून बटण ओढलं. आवाज किंचित बसला. गरम हवा आत आली की असाच बसतो. बटण परत आत ढकललं, आवाज उठला. तिला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं.

अर्विड कॉफी घेऊन आला. ती टेक्सासात असताना मक्याच्या यंत्राने त्याच्या डाव्या हाताची बोटं नेली होती. कप दोन्ही तळव्यांमध्ये धरून त्याने तिच्यासमोर ठेवला.

"काय निघालं?"

तारेची गोष्ट तिच्या ओठांवर आली होती. पण त्या गावात कुणी कुणाची चूक तोंडावर काढत नाही. शेजाऱ्याचं कुंपण वाकडं दिसलं, तर तो बाजारात गेल्यावर सरळ करून ठेवतात आणि वर विषयही काढत नाहीत. मग बापाला, तेही त्याच्याच विमानाशेजारी, काय सांगायचं?

"पेटी गंजली होती. झडप गेली होती. बदललं सगळं."

"पहिल्यासारखं झालं ना?"

"पहिल्यापेक्षा चांगलं."

"हं. वाईट नाही," अर्विड म्हणाला. त्याच्या तोंडून याहून मोठी शाबासकी कुणी ऐकली नव्हती.

रविवारी सकाळी धुकं विरलं, पण हवा ओलसर राहिली. अर्विडने स्वच्छ शर्ट घातला होता. विमान हवेत उठायला जरा जास्तच धावलं. गवत ओलं आहे, सिग्नेने मनाशी म्हटलं. मग ते झाडांवरून गेलं आणि ती हसली. ऑर्लिन हसला नाही.

पलीकडे जमलेल्या म्हाताऱ्यांनी नंतर सांगितलं, की अर्विड नेहमीसारखा झोकात वळून उतरणीला लागला. मग इंजिन खोकलं, आणि मग काहीच ऐकू आलं नाही. ओढ्याकाठच्या झाडांत ते पडलं. तो जागीच गेला.

दोन दिवसांनी शहरातून तपासाचा माणूस आला. त्याने मोडकं विमान नीट पाहिलं, तार पाहिली, झडप हलवून पाहिली. मग शेडमध्ये येऊन दोघांसमोर टोपी काढली.

"बाई, तुमच्या कामात खोट नाही. बटण ओढलं की झडप बरोबर उघडतेय. पण त्यांनी ते ओढलंच नाही, उलट पार आत ढकललेलं सापडलं. विसरले असतील. वय झालं की होतं असं."

सिग्नेने मान हलवली. रडू आलं तरी त्यात थोडा सुटकेचा भाग होता, आणि त्याची तिला लाज वाटली.

ऑर्लिन मात्र गोंधळून त्या माणसाकडे बघत होता.

"विसरले कुठे, साहेब? त्या विमानात गरम हवा ढकलूनच यायची. हवेत उजवा हात सुकाणूवर, बोटं नसलेल्या डाव्याने बटण ओढणं बाबांना जमत नव्हतं, म्हणून त्यांनी आणि मी मिळून ती तार मुद्दाम उलटी जोडली होती."