डावा अंगठा

"हा अंगठा माझा नाही जी, वकीलसाहेब."

देवरावांनी कागद कारकुनाच्या टेबलावर परत ठेवला. ठेवताना सवयीने डावा हातही पुढे आला. तो मनगटापाशीच संपला होता, पण हे त्यांना अजून अधूनमधून विसरायला होई.

नुकसानभरपाई आयुक्तांच्या कचेरीत दत्तोपंत वकील त्यांच्या शेजारी उभे होते. कागद जिनिंग कारखान्याने दाखल केलेला. मजकूर चार ओळींचा: यंत्राच्या पट्ट्यावरची संरक्षक जाळी काढू नये अशी सक्त ताकीद मला मिळाली आहे, काढल्यास जबाबदारी माझी. खाली जांभळ्या शाईत डावा अंगठा. तारीख अपघाताच्या महिनाभर आधीची.

दत्तोपंत त्यांना व्हरांड्यात घेऊन गेले.

"कायदा तुमच्या बाजूचा आहे, देवराव. कामावर इजा झाली की मालकानं भरपाई द्यायची. त्याची चूक असो की नसो. पण पळवाटा आहेत. कामगार प्यालेला असला, त्यानं मुद्दाम हुकूम मोडला, किंवा जाणूनबुजून जाळी काढली, तर मालक सुटतो. हा कागद त्याचसाठी आहे. माणूस मेला असता तर मात्र हे चाललं नसतं."

"म्हणजे मी मेलो असतो तर माह्या बायकोले भेटलं असतं?"

"हो."

देवराव हसले. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"जाळी तर सहा महिन्यांपासून गोदामात पडून होती. सगळ्यायले माहीत आहे."

"साक्ष द्यायला कोण येईल?"

देवरावांनी एक-दोन नावं मनात घोळवली आणि सोडून दिली. ज्यांचे दोन्ही हात शाबूत होते त्यांना उद्या कामावर जायचं होतं.

पण अंगठा! ही गोष्ट त्यांच्या जिव्हारी लागली होती. पंचावन्न साली नोकरीला लागताना त्यांनी कारखान्याच्या रजिस्टरात अंगठा दिला होता, तो शेवटचा. पुढच्याच वर्षी त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तीन महिने इंदोऱ्यातल्या रात्रीच्या वर्गात पाटी गिरवली आणि ठरवलं, मेलो तरी आता अंगठा देणार नाही. गेली बारा वर्षं पगारपत्रकावर त्यांची सही होती. वाकडी, पण पूर्ण नावाची. नुकसानभरपाई मिळो न मिळो, आपल्या नावाखाली कोणी अंगठा लावावा हे त्यांना सहन होणारं नव्हतं.

"रजिस्टरातला अंगठा काढा," ते म्हणाले. "दोन्ही जुळवून पाहा म्हणा. दूध का दूध होऊन जाईल."

दत्तोपंतांनाही ते पटलं. अर्ज त्याच दिवशी गेला.

कारखान्याचे टाइमकीपर गोपाळराव समोरच बाकावर बसले होते. ते हरकत घेतील, निदान तारीख तरी मागतील, असं वाटलं होतं. गोपाळरावांनी पानाचा डबा बंद केला.

"घ्या ना तपासून," ते म्हणाले. "आमची काहून ना राहील?"

गोपाळरावांवर देवरावांचा राग नव्हता. पट्ट्यात बाही ओढली गेली तेव्हा यंत्र बंद करायला तेच धावले होते. रिक्षात मांडीवर डोकं घेऊन इस्पितळातही त्यांनीच नेलं. तुटलेला हात त्यांनी बर्फात ठेवून घेतला होता. पोलिसांना दाखवावा लागतो, म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेल्या पांढऱ्या कापडात बांधून तो स्वतः घरी आणून दिला. एरवी वस्तीत पाऊल न टाकणारा माणूस! देवरावांच्या बायकोनं, अंजनाबाईनं, दिलेला चहासुद्धा ते प्यायले होते.

देवराव तेव्हा इस्पितळात होते. हाडामांसाचा हात उकिरड्यावर कसा टाकायचा, म्हणून अंजनाबाईनं तो मागच्या अंगणात पुरला. पुरण्याआधी धुतला. फार वेळ धुतला, असं शेजारणी सांगत. देवरावांनी तिला त्याबद्दल कधी विचारलं नाही.

तपासणीचा अहवाल यायला दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत नसलेला अंगठा खाजायचा. देवराव रिकाम्या हवेत उजवा हात नेत आणि शरमून मागे घेत.

सुनावणीच्या दिवशी आधी अंजनाबाईची साक्ष झाली. ती न अडखळता बोलली.

"माहा नवरा सही करते, साहेब. आंगठा नाही देत."

मग आयुक्तांनी लिफाफा फोडला. तज्ज्ञाने रेषा मोजल्या होत्या, वळणं मोजली होती. रजिस्टरातला अंगठा आणि कागदावरचा अंगठा एकाच माणसाचा होता. नक्कल नाही, शिक्का नाही. खऱ्या बोटाचा, निःसंशय.

गोपाळरावांनी मान खाली घातली होती. दत्तोपंत कागद आवरू लागले. आवरण्यासारखे फार कागद नव्हते.

"देवराव," ते हळूच म्हणाले, "मला तरी खरं सांगायचं होतंत."

"बुद्धाची आन, साहेब. म्या नाही लावला."

दत्तोपंतांनी फाइलीची दोरी बांधली. बारा वर्षांची सही एका अंगठ्यानं पुसली, आणि ती आपणच पुसायला लावली, हे देवरावांच्या मनातून जाईना. क्षणभर त्यांना स्वतःचीच शंका आली. एखाद्या दिवशी घाईत, गडबडीत, लावला तर नसेल?

कारकुनानं अंजनाबाईला बोलावलं. साक्षीखाली तिचा अंगठा हवा होता. त्यानं तिचं बोट शाईच्या पॅडवर दाबलं, मग कागदावर टेकवलं आणि सोडून दिलं.

ती परत आली ती पदरानं अंगठा पुसतच. शाई निघत नव्हती. तिनं थुंकी लावून घासलं, नखानं खरवडलं, आणि मधेच थांबली. जांभळ्या अंगठ्याकडे ती बघतच राहिली.

"काय झालं वं?" देवरावांनी विचारलं.

"अजी," ती म्हणाली, "तुमच्या त्या हाताचा आंगठाही असाच होता. मी रक्त साकळलं समजून घासत राहिली."