सुईचा कोन

रामदासरावांच्या भीमगीतांच्या गायन पार्टीची एकच रेकॉर्ड निघाली, शहात्तर साली. कोरसमध्ये चौघं होते: त्यांच्या पत्नी शालनताई धरून तीन बायका आणि स्वतः रामदासराव. दुसऱ्या कडव्यात एक आवाज घसरतो. "ती आमची शालन," असं ते प्रत्येक पाहुण्याला हसत हसत, कौतुक केल्यासारखं सांगायचे. शालनताईंनी पुढे भीमजयंतीलासुद्धा कधी तोंडातून सूर काढला नाही.

मुलगा अभय खराडीला आयटीत. पहिला बोनस मिळाल्यावर त्याने घरच्या जुन्या रेकॉर्ड प्लेअरसाठी भारीतलं कार्ट्रिज, म्हणजे सुईचा नवा संच, आणलं आणि ते बसवायला कसब्यातल्या एका म्हाताऱ्या कारागिराला घरी बोलावलं. कारागिराने रेघा आखलेला कागद आणि छोटा आरसा ठेवून तासभर सुईचा कोन जुळवला.

"इतकी वर्षं सुई तिरकी बसलेली होती. सगळे आवाज एकमेकांत मिसळत होते," ते म्हणाले आणि त्यांनी रेकॉर्ड लावली.

दुसरं कडवं आलं. चारही आवाज सुटे सुटे ऐकू आले.

"बायका तिघीही पक्क्या सुरात आहेत," कारागीर सहज बोलून गेले. "घसरतोय तो पुरुषाचा आवाज."

शालनताईंनी निवडायला घेतलेली मेथी बाजूला ठेवली आणि त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या.



रामदासराव कारागिराला म्हणाले, "सुई अजून नीट बसलेली नाही. पुन्हा बसवा."