भिंतीवरचे सात समुद्र

चौथं कार्डही तिने फाडलं आणि चुरगळून पर्समध्ये कोंबलं.

"लिहा हो काहीही," चित्रकलेच्या बाई म्हणाल्या. वृद्धाश्रमातले सगळे त्यांना रंगबाई म्हणत. "शनिवारी प्रदर्शन आहे. सगळ्यांच्या घरच्यांनी लिहून दिलं, फक्त तुमच्या बाबांच्या चित्रांखालची जागा रिकामी राहिलीय. आणि चित्रात काय दिसतं ते नको, ते लोकांना दिसतंच. तुम्हाला काय वाटतं ते लिहा."

तिला काय वाटतं? भीती वाटते, असं लिहायचं का कार्डावर?

भिंतीवर सात चित्रं होती आणि सातही समुद्राची. बाबांनी जन्मात कधी ब्रश धरला नव्हता, आयुष्य गेलं घड्याळं दुरुस्त करण्यात. विस्मरणाचा आजार जडला, इथे आले आणि एकामागून एक समुद्र काढू लागले. एक राखाडी, एक भर दुपारचा, डोळे दिपवणारा. एकात पाणी इतकं संथ की त्याचीच जास्त भीती वाटावी. येणारेजाणारे म्हणत, काय शांत वाटतं बघून! म्हणायला त्यांचं काय जातंय? तिला मात्र त्या चित्रांसमोर उभं राहिलं की उजवा तळहात ओला झाल्यासारखा वाटे.

त्याच हातातून समुद्रात धाकट्या भावाचा हात सुटला होता. ती सहा वर्षांची, तो चार. चाळीस वर्षं होऊन गेली, पण ती निसटणारी बोटं तिला अजून आठवत.

आई त्यानंतर मरेपर्यंत तिच्याशी कामापुरतंच बोलली. बाबांनी मात्र एका शब्दाने दुखावलं नाही. उलट आईलाच समजावत, "जाऊ दे. लहान होती ती. सुटला हात. तिचा काय दोष?" त्या एका वाक्याच्या आधारावर ती वाढली. शाळेत शिक्षिका झाली, पण सहल पाण्याकडे निघाली की हिला हमखास ताप येई. लेक कॉलेजात जायला लागली तरी रस्ता ओलांडताना ही तिचं मनगट आवळून धरी. "आई, मी काय दावं तोडून पळणार आहे का?" लेक विचारी आणि दोघी हसत. हसतानाही ही मनगट सोडत नसे.

सातही चित्रांत माणसं तीनच. पाण्यात एक मोठं, एक छोटं. आणि लांब, अगदी कोपऱ्यात, कोरड्या वाळूत बसलेली फ्रॉकमधली मुलगी. सुरुवातीला तिला ते फार लागलं. बाबांनी आपल्याला कोपऱ्यात टाकलं, तेही पाठमोरं. मग एकदा इथून परत जाताना बसमध्ये तिला एकदम वाटलं, बाबा आपल्याला वाचवतायत. डोक्यातलं सगळं पुसत चाललंय, तरी पोरीला त्या पाण्यातून उचलून लांब वाळूत नेऊन ठेवायचं तेवढं ते विसरत नाहीत. ही माफीच की! तिला रडू आवरेना. शेजारच्या अनोळखी बाईने न विचारता रुमाल पुढे केला होता.

पण नुसतं वाटून भागत नव्हतं. एकदा त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं आणि वेळ थोडा उरला होता. मागच्या महिन्यात ते जावयाला ओळखेनासे झाले. तिलाही आता कधी ओळखत, कधी नाही.

रंगबाई चहाला गेल्या. चित्रं टांगायला मदत करताना त्यांनी दिलेला एप्रन तिच्या अंगात तसाच होता. स्टूल ओढून ती बाबांच्या खुर्चीजवळ बसली.

"बाबा, माझ्यावर राग आहे का हो अजून?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, एप्रनकडे पाहिलं. "तुम्ही कोण?"

आजही नाहीच. "मी... कार्ड लिहायला आलेय. चित्रांखाली लावायचं."

"मग असं सांगा की. घ्या लिहून." ते सरसावून बसले, पूर्वी घड्याळ उघडायला बसत तसे.

"पाण्यातले हे कोण?"

"मी. आणि माझा मुलगा."

"आणि ही वाळूतली?"

"मुलगी. वाळूचं घर करतेय. भित्री फार. पाण्यात पाऊल म्हणून टाकायची नाही."

तिचं पेन थांबलं. "पण तीच ना त्याला पाण्यात घेऊन गेली होती? तिच्याच हातातून..."

"छे! हात माझ्या हातात होता." बाबांनी स्वतःचा तळहात उलटसुलट करून पाहिला. "मागून कुणीतरी हाक मारली. ओळखीचा होता. मी वळून हात हलवला. एवढंच. परत बघतो तर पोरगं नाही."

बाहेरून कुणीतरी ट्रॉली ढकलत गेलं.

"शोधून शोधून थकलो आणि परत निघालो. घरी बायकोला काय सांगणार होतो? मुलीला मांडीवर घेतलं. म्हटलं, बाळा, तू त्याचा हात सोडलास. ती म्हणाली, नाही बाबा. मी परत म्हटलं. घर येईपर्यंत म्हणत होतो. पोर मोठी गुणाची. दारात पोचलो तेव्हा तिनेच आपणहून आईला सांगितलं."

मग ते पुढे वाकले, तिच्या हातातल्या कार्डावर बोट ठेवलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"हे मात्र लिहू नका, बाई. दर गुरुवारी येते ती. वाचेल."