सात वाजता झोपणारी गाडी

फोन थरथरला तेव्हा गाडी दाट धुक्यात होती, आणि धुकं कुठल्या देशाचं आहे हे कळायला काही मार्ग नव्हता.

"वेलकम टू कॅनडा," विनीताने नवऱ्याला मेसेज वाचून दाखवला. "पुढे कॉलचे रेट दिलेत. शैलेंद्र, आपण कॅनडात कधी आलो?"

शैलेंद्रने आरशातून मागचा रस्ता पाहिला. मघाशी रस्त्याचं काम चालू म्हणून त्यांना आडवाटेने वळवलं होतं. तिथेच कुठेतरी घोळ झाला असणार. त्याचा पासपोर्ट न्यू जर्सीला, पार्सिपनीतल्या घरच्या कपाटात. त्यावरच्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपलेली. व्हिसाचं एक्स्टेन्शन पेंडिंग. वकीलबाईंनी निक्षून सांगितलं होतं, निकाल येईपर्यंत देशाबाहेर एक पाऊलही टाकायचं नाही. तो तर चार चाकं घेऊन आला होता.

"आणि घड्याळ बघ, एका तासाने पुढे गेलंय. पावणेसहाचे पावणेसात झाले."

"पावणेसात?"

गाडीचं वेगळंच दुखणं होतं. कॅनडाला लागून असलेल्या मेन राज्यात फिरायला म्हणून बँगोरच्या एअरपोर्टवर त्याने सगळ्यात स्वस्त प्लॅनमधली गाडी भाड्याने घेतली होती. ती सकाळी दहा ते संध्याकाळी सात एवढीच चालायची. सातला रस्त्यावर असेल तर धावत राहायची, पण एकदा थांबली की दुसऱ्या दिवशी दहापर्यंत ढिम्म. काउंटरवरच्या मुलीने नियम वाचून दाखवले होते. गाडी ज्या देशात असेल त्या देशाचं घड्याळ पाळते, हाही त्यातलाच एक.

"म्हणजे बॉर्डरपलीकडे नेलेली चालते?" मनोहरकाकांनी उगाचच विचारलं होतं.

"गाडीला चालते," ती म्हणाली होती. "तुमचं तुम्ही बघा."

मनोहरकाका शैलेंद्रचे सख्खे काका. नागपूरहून दोन महिन्यांसाठी आले होते आणि आत्ता मागच्या सीटवर चिवडा खात होते. पासपोर्ट ते शर्टाच्या आत, गळ्यातल्या पाऊचमध्ये ठेवायचे. आंघोळीच्या वेळी पाऊच बाथरूमच्या दाराला लटकायचा.

"माझा पासपोर्ट आहे," ते म्हणाले. "मला काही अडचण नाही."

शैलेंद्रने गाडी एका डोनटच्या दुकानापुढे घेतली. पार्किंगमधल्या सगळ्या गाड्यांवर न्यू ब्रन्सविकच्या नंबरप्लेट. कॅनडाच. आता शंकाच उरली नाही.

"आत जाऊन विचारू या ना कुणाला," विनीता म्हणाली.

"काय विचारणार? एक्स्क्यूज मी, हा कुठला देश? लगेच पोलिसांना बोलावतील."

"फोनने पलीकडचा टॉवर पकडला नसेल ना? गाडीचं घड्याळ तर पावणेसहाच दाखवतंय."

"तिला अजून कळलेलं नाही," शैलेंद्र आवाज खाली आणून म्हणाला. जणू गाडीने ऐकलं असतं. "कळायच्या आत निघायचं. इकडे सात वाजले आणि ही झोपली, तर आपण रात्रभर परक्या देशात. विदाउट पेपर्स. उद्या मला डिपोर्ट करतील, घराचं लीज जाईल, नोकरी जाईल."

"मला मागे लिंबाच्या लोणच्याची बरणी लागतेय पायाला," काका म्हणाले. "बॉर्डरवर ती पकडतील का?"

शैलेंद्रने गाडी पुन्हा रस्त्यावर काढली. घाईत इंडिकेटरऐवजी वायपर लागला.

पुढच्या चौकात धुक्यातून एक पाटी वर आली. 'बॉर्डर', आणि बाण.

"सुटलो!" शैलेंद्र म्हणाला. "बॉर्डर ओलांडली की आपण आपल्या घरी."

"रेषा म्हटली की तिला दोन बाजू असतात पण," काका मागून म्हणाले.

"काका, प्लीज यार."

मागे कुणाच्या तरी गाडीचे दोन दिवे लागले. शैलेंद्र वळला, दिवेही वळले. त्याने वेग वाढवला, दिव्यांनीही वाढवला. विनीता आरशात बघेना. फोनवर सात वाजले. गाडी धावत होती. आता ती थांबली की संपलं, पण थांबायच्या आत अमेरिकेत पोचलो की पुन्हा सहाच वाजलेले असतील. त्याने आयुष्यात कधी घड्याळासाठी इतकी प्रार्थना केली नव्हती.

पूल आला. खाली नदीचा नुसता आवाज. पुलापलीकडे पिवळा दिवा, एक चौकी, आणि खांबाला ओला होऊन चिकटलेला झेंडा. घड्यांमधून लाल दिसलं, पांढरं दिसलं. शैलेंद्रच्या डोळ्यांत पाणी आलं. सात वर्षं टॅक्स भरला होता, पण झेंडा बघून असं भरून पहिल्यांदाच आलं.

मागचे दिवे शेजारच्या लेनमध्ये शिरले. न्यू ब्रन्सविकची प्लेट, आत एक म्हातारा, मांडीवर डोनटचा खोका.

चौकीपाशी गाडी थांबली. शैलेंद्रने डॅशबोर्डकडे पाहिलं. सहा वाजून चार मिनिटं. त्याने विनीताचा हात दाबला. खिडकीतून गणवेशातली बाई वाकली.

"मॅडम," तो धाप लागल्यासारखा इंग्रजीत म्हणाला, "आम्ही चुकून बाहेर आलो. मुद्दाम नाही. आम्हाला फक्त घरी जायचंय."

"घर कुठे?"

"न्यू जर्सी!" त्याने हे इतक्या अभिमानाने सांगितलं की काकांनी मागून टाळी वाजवली.

बाईने त्याच्याकडे पाहिलं. मग तो आला होता त्या पुलाकडे पाहिलं. मग पुन्हा त्याच्याकडे.

"पासपोर्ट?"

काकांनी आनंदाने गळ्यातला पाऊच काढला.

तेवढ्यात डॅशबोर्डवरचे आकडे लुकलुकले. सहाचे सात झाले, मिनिटं चारच राहिली. इंजिन शांत झालं, दिवे मालवले, आणि रोज सकाळी दहाला 'वेलकम टू मेन' म्हणणारा गाडीचा गोड आवाज धुक्यात म्हणाला, "वेलकम टू कॅनडा. इथे सात वाजून गेले आहेत. गुड नाइट."