जोडीचं ताट

"पण आजोबा, समोरचे विचारतील, उत्तरेच्या लोकांचा कन्सेंट घेतला का? मग मी काय बोलू?"

ईशानीच्या प्रश्नावर रामचंद्ररावांनी चष्मा काढून पुसला. पुण्याच्या शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला, तरी उत्तर चटकन सुचलं नाही की ते चष्माच पुसत.

"अगं, एकाच बेटाचे दोन तुकडे ते. आपल्याच माणसांना काय विचारायचं? ती येणारच."

"दॅट्स सो वीक, आजोबा!"

नववीतली ईशानी गुरुवारी दुबईत, ऊद मेथाच्या शाळेत वादविवादात बोलणार होती. विषय होता, 'आयर्लंड पुन्हा एक व्हावं'. त्याच महिन्यात, मे अठ्ठ्याण्णवमध्ये, तिकडे शांतता करारावर मतदान होतं आणि पेपरात रोज तेच येत होतं. ईशानीच्या वाट्याला एकीकरणाची बाजू आली होती. भाषण आजोबांनी लिहून दिलं. लिहिताना त्यांना दोनदा वाटलं, की आपण जरा जास्तच मनापासून लिहितोय. 'दुरावा हा सवयीचा होण्याआधी मिटवला पाहिजे,' हे वाक्य त्यांनी खोडलं आणि पुन्हा लिहिलं.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मुलानं, प्रकाशनं, त्यांना शारजाला, रोल्लातल्या आपल्या फ्लॅटवर आणलं, त्याला दोन वर्षं झाली. लेकीचं, शुभ्राचं, बाळंतपण उरकून त्यांची बायको सुजाता मागून यायची होती. शुभ्राचं बाळ आता धावत होतं.

प्रकाशशी एकदा स्पष्ट बोलायचं, असं ते रोज ठरवत. पण विषय काढला की तो म्हणे, "बघू, बाबा. सध्या व्हिसाचं जरा टाइट आहे." सून साधना लगेच उठून चहा टाकायला जाई. या दोघांना सुजाता इथे नको आहे, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. मुलाच्या घरात राहून मुलाशी भांडायचं कसं, ते मात्र कळत नव्हतं.

सुजाताकडून पार्सलं येत. पुण्याहून कुणी निघालं की त्याच्याबरोबर काही ना काही असेच. आधी त्यांचे स्वेटर आले, मग पुस्तकं, मग शाळेनं निरोपाला दिलेलं घड्याळ. शुक्रवारच्या फोनवर ती दोन वाक्यं बोले, "मिळालं ना? तब्येतीला जपा," आणि फोन शुभ्राकडे देई. फोनवर बोलायची तिला सवय नव्हती. तसं घरीही त्यांचं फार बोलणं नसे. ते वाचत बसत आणि ती स्वयंपाकघरात रेडिओ लावून असे, अगदी हळू आवाजात, त्यांना त्रास होऊ नये म्हणून.

गुरुवारी ईशानी छान बोलली. मग तहसीन उठली. हमरिया फ्री झोनमध्ये प्रकाशबरोबर काम करणाऱ्या युसुफची ही मुलगी. तिनं हातात कागदसुद्धा घेतला नव्हता.

"माझी मैत्रीण दक्षिणेच्या दुःखाबद्दल फार सुंदर बोलली," ती इंग्रजीत म्हणाली. "उत्तरेला काय हवंय, हे मात्र तिच्या भाषणात एकदाही आलं नाही."

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. रामचंद्ररावांनी चष्मा काढला.

बाहेर युसुफनं त्यांना गाठलं. तो रत्नागिरीचा. "काय सर, आमच्या पोरीनं हरवलंन ना तुम्हाला? आता चहा माझ्याकडून. यल्ला, चला!" मग गाडीतून एक पुडकं काढून त्यानं त्यांच्या हातात ठेवलं. "परवाच आलो पुण्याहून. मावशींनी दिलंनी. मस्त आहेत हो. पोहे खिलवलेनी, रेडिओ मोठ्यानं चालू होता. म्हटलं, एवढं सामान पाठवताय, तुम्ही कधी येताय? तर नुसत्या हसल्या."

"लाजते ती," रामचंद्रराव म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी पुडकं सोडलं. आत त्यांचं जेवणाचं स्टीलचं ताट होतं. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला सुजाताच्या भावानं नावं घालून जोडी दिली होती. या ताटाच्या काठावर 'रामचंद्र' होतं, दुसऱ्यावर 'सुजाता'.

"बघ प्रकाश," ते म्हणाले, "घर आवरायला घेतलंय तिनं. स्वतःचं ताट येताना आणणार."

ईशानीनं आईकडे पाहिलं.

"चहा टाकते," साधना म्हणाली.

"थांब साधना. चहा नको." एवढ्या मोठ्यानं ते या घरात कधी बोलले नव्हते. "दोन वर्षं मी गप्प बसलो. तुम्हाला अडचण होते, जागा कमी पडते, सगळं मान्य. मी हॉलमध्ये झोपेन. पण त्या बाईला असं तिकडे ताटकळत ठेवायचा तुम्हाला काय अधिकार? तिनं सामान बांधत बसायचं आणि तुम्ही बघू, बघू करायचं? मला ते व्हिसाचे कागद दे. मी स्वतः भरतो."

"बाबा, आज नको."

"आजच. आत्ता."

प्रकाश जागचा हलला नाही.

"अहो, दाखवा त्यांना," साधना हळूच म्हणाली. "किती दिवस असं?"

प्रकाश आत गेला. कपाट उघडल्याचा आवाज आला. एक पातळ फाइल घेऊन तो परत आला आणि ती त्यानं वडिलांच्या पुढ्यात, ताटाशेजारी ठेवली.

रामचंद्ररावांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि फाइल उघडली. आत व्हिसाचे तीन कागद होते. तिन्हींवर सुजाताचं नाव होतं आणि तिन्हींची मुदत न वापरताच संपून गेली होती.